तालमीचा प्रस्ताव

कोपरखैरण्याच्या माथाडी वस्तीत एका गल्लीच्या तोंडाशी तळमजल्याची खोली आहे. दुपारी वाशीच्या बाजारातलं काम आटपलं, की तिथे माणसांची ये-जा सुरू होते. आत दोन पलंग, भिंतीला लावलेल्या कप्प्या आणि दोऱ्या, शेक द्यायचा दिवा, रबरी पट्टे आणि दोन मोठे फुगवलेले चेंडू. नवख्या माणसाला वाटतं, हा दवाखाना. पण तिथे येणारा एकही माणूस त्या खोलीला दवाखाना म्हणत नाही. सगळे म्हणतात, तालीम.

हे नाव पाडलं कोंडिबा साबळ्यांनी. कोंडिबा मूळचे साताऱ्याकडचे, जावळी खोऱ्यातले. मिसरूड फुटायच्या वयात मुंबईला आले, पाठीवर गोणी घेतली, आणि कांदा-बटाट्याचा बाजार वाशीला हलला तेव्हा त्याच्यामागोमाग खाडी ओलांडून इकडे आले. सगळी उमर त्याच बाजारात गेली. निवृत्त झाले आणि मग इतकी वर्षं दबून राहिलेली कंबर बोलायला लागली. सकाळी अंथरुणातून उठताना भिंत धरावी लागे.

त्यांची बायको शकुबाई त्यांना ओढतच वाशीतल्या एका फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेली. डॉक्टर सुनयना तरुण होती, बोलायला स्पष्ट. तिने कोंडिबांना महिनाभर व्यायाम करायला लावले आणि ते सरळ उभे राहून घरी चालत गेले. त्यानंतर त्यांनी तिच्याकडे आपल्या हमालांच्या टोळीतला एक गडी नेला, मग दुसरा, मग तिसरा. शेवटी सुनयना म्हणाली, “काका, तुम्ही सगळ्यांना इकडे आणण्यापेक्षा मीच तिकडे येते. जागा बघा.”

जागा भैरू अण्णांनी दिली. भैरू अण्णा म्हणजे कोंडिबांच्या टोळीचे जुने मुकादम. त्यांच्या घराची खालची खोली रिकामी होती. मंडळ स्थापन झालं, त्याची नोंदणी झाली, नाव ठेवलं ‘पाठीराखा मंडळ’, आणि भैरू अण्णा अध्यक्ष झाले. सुनयना आठवड्यातून दोनदा दुपारी येऊ लागली, एक पैसा न घेता.

असं काही वर्षं चाललं. माणसं वाढत गेली. दोन दुपारी पुरेनात. सुनयनाचं स्वतःचं क्लिनिकही वाढलं होतं, आणि एके दिवशी तिने प्रामाणिकपणे सांगून टाकलं, “मला आता एवढं झेपणार नाही. इथे रोज बसणारा माणूस ठेवा. मशीनही नीट पाहिजेत. त्यासाठी कुठून तरी अनुदान मिळवा.”

अनुदान मिळवायचं म्हणजे प्रस्ताव लिहायचा, आणि तोही इंग्रजीत. मंडळात एवढं इंग्रजी कुणाचंच नव्हतं. सगळ्यांनी कोंडिबांकडे बघितलं, कारण त्यांची मुलगी उज्वला न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कामाला होती. दिवसभर बंदरातल्या मालाची कागदपत्रं तयार करायची, एवढंच तिचं काम, आणि ते सगळं इंग्रजीत.

“आमची उजी लिवल,” कोंडिबा म्हणाले. विचारलंसुद्धा नव्हतं त्यांनी तिला.

उज्वला वस्तीतच वाढली होती आणि लग्न होऊन घणसोलीला गेली होती. वडिलांचं काम तिला नाकारता आलं नाही. तिने जेवणाच्या सुट्टीत बसून एक प्रस्ताव लिहिला. मंडळ काय आहे, किती माणसं येतात, काय पाहिजे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीचं फाउंडेशन होतं, तिथे पाठवला. दोन ओळींचं नकाराचं उत्तर आलं.

उज्वलाला ते लागलं. तिच्या हातून गेलेला कागद सहसा परत येत नसे. मग वाशीला एका सभागृहात छोट्या संस्थांसाठी प्रस्तावलेखनाची कार्यशाळा होती, तिथे ती रजा टाकून गेली. शिकवणारे गृहस्थ मोठ्या उत्साहाने सांगत होते, “तुमच्यासारखे शेकडो प्रस्ताव रोज येतात. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. एका माणसाची गोष्ट सांगा. त्याचं दुःख सांगा. आकडे नंतर.”

उज्वलाने ते मनावर घेतलं. या वेळी तिने मन लावून लिहिलं. दुःखाची भाषा तिला जमली, इतकी जमली की तिचं तिलाच नवल वाटलं. एका माणसाची गोष्ट पाहिजे होती, म्हणून तिने ‘श्री. क.’ असं नाव घालून एका वृद्ध हमालाची गोष्ट लिहिली, आणि हा प्रस्ताव दुसऱ्या एका कंपनीच्या फाउंडेशनकडे पाठवला.

त्या फाउंडेशनचा फोन आला. केतन नावाचा तिथला अधिकारी बोलत होता. “मॅडम, व्हेरी टचिंग! पहिल्या फेरीत तुमचं सिलेक्शन झालंय. आमच्या ट्रस्टी व्हिजिटला येतील. त्याआधी अध्यक्षांच्या सहीची फायनल कॉपी पाठवा.”

वस्तीत पेढे वाटले गेले. शकुबाईने लेकीची दृष्ट काढली.

त्या रविवारी मंडळाची बैठक भरली. खोलीत सतरंज्या अंथरल्या होत्या. भैरू अण्णा खुर्चीवर बसले होते, चष्मा लावून. उज्वलाने सहीसाठी कागद पुढे केला, तसा त्यांनी पेन खाली ठेवला.

“पोरी, आमी उभ्या जल्मात कशाखाली काय लिवलंय ते इचारल्याबिगर अंगठासुदिक उठिवला न्हाई. वाचून दाव. मराठीत.”

उज्वलाने वाचायला सुरुवात केली. इंग्रजी वाक्य मनात वाचायचं, मराठीत बोलायचं. तशी तिला सवय होती. पण चार वाक्यांनंतर तिचा आवाज उतरायला लागला. इंग्रजीत जे सहज वाटलं होतं, ते या माणसांच्या तोंडावर मराठीत बोलणं कठीण जात होतं.

“हे असहाय, अशिक्षित श्रमिक आयुष्यभर ओझ्याखाली पिचले. आज ते आपल्या कुटुंबांवर भार बनून एकाकी दिवस कंठत आहेत.”

ती पुढे वाचत राहिली, कारण थांबणं त्याहून वाईट दिसलं असतं.

“श्री. क. यांनी चाळीसहून अधिक वर्षं गोण्या वाहिल्या. आज त्यांना भिंतीच्या आधाराशिवाय उठता येत नाही. आपल्या मोडलेल्या शरीराकडे बघून आयुष्य वाया गेल्याची खंत त्यांना रोज जाळते.”

वाचून झालं. मग कोंडिबांनी विचारलं, अगदी हळू, “उजे, हे मी कवा म्हनलो?”

“आबा, ते तुम्ही नाही. नाव बदललंय.”

“भित धरून उठत व्हतो तो मीच. म्हंजी ते मीच. आन् वाया गेलं, असं मी कवा म्हनलो?”

उज्वलाने कागद मांडीवर ठेवला. ती म्हणाली, “असंच लिहावं लागतं, आबा. पैसे देणाऱ्यांना हेच पाहिजे असतं. तुम्ही सिलेक्ट झालाय!”

भैरू अण्णांनी चष्मा काढला आणि घडी करून खिशात ठेवला. “ह्यात लिवलेली मानसं कोन हायत, मला ठावं न्हाई. मी सही करत न्हाई.”

“मग काय पोवाडा लिहू का तुमचा?” उज्वला उठलीच. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते दिसू नये म्हणून तिने चप्पल घालायला वाकून वेळ काढला. “रजा माझी गेली. जेवणाची सुट्टी माझी गेली. सुनयना मॅडम सोडून जातील ना, तेव्हा कळेल.”

ती आईकडे आली. पाठोपाठ कोंडिबा आले. शकुबाईने चहा ठेवला. मग कोंडिबांनीच विषय काढला, रागाने नाही.

“तुज्या हापिसात कागदावर कांदा लिवला आन् पेटीत लसूण निगाला, तर काय करत्यात गं?”

“माल अडवून ठेवतात.”

“मग?”

उज्वलाने कप खाली ठेवला. “आबा, पण दुखतं हे तर खरंय ना? तुमची कंबर, अण्णांचा गुडघा. ते काय मी मनाने लिहिलं?”

“दुखतं. त्ये लिव की.”

शकुबाई इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, “मी हितं आल्यापास्नं ह्या पाठीला तेल चोळतीया. ती दुखती, सुजती, समदं मला ठावं. पर बिच्चारी न्हाई वाटली मला ती कवा.”

त्या आठवड्यात उज्वलाने रजा घेतली आणि सकाळी वडिलांबरोबर बाजारात गेली. एवढी वर्षं वाशीच्या बाजाराजवळ राहून ती कामाच्या वेळी कधी आत गेली नव्हती. पोरीबाळींनी तिथे काय करायचं, असं घरातलं धोरण. कोंडिबांना जाताना गेटपासूनच माणसं राम राम करत होती. गाळ्यांसमोर ट्रक मागच्या बाजूने लागले होते आणि टोळ्या माल उतरवत होत्या. वरचे दोघे गोणी कडेला आणत, खालचा पाठ देऊन उभा राही, गोणी पाठीवर बसताच एक क्षण गुडघ्यात लवे आणि चालू लागे. ना धावत, ना रेंगाळत. अरुंद वाटेत समोरून हातगाडी आली तरी कुणाचा पाय अडखळत नव्हता. घटका-दीड घटकेत भरलेला ट्रक रिकामा झाला आणि त्यातला कांदा गाळ्यात छतापर्यंत थप्पी लावून उभा राहिला. थप्पी इतकी सरळ, की ओळंबा लावून बघावी.

उज्वला बघतच राहिली. तिच्या कामात रोज शेकडो पेट्या कागदावर इकडून तिकडे जात. त्या कुणाच्या तरी हातांनी भरल्या जातात, हे तिला माहीत होतं. पण डोळ्यांनी बघणं वेगळं.

टोळीत ज्योतिबा नावाचा एक तरुण होता, पंचविशीचा, अंगाने भरलेला. एक गोणी टाकून परतताना त्याने भिंतीला हात लावला आणि डोळे मिटले. क्षणभरच. कुणीतरी त्याच्याकडे बघितलं, तसा तो डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधायला लागला, जणू त्यासाठीच थांबला होता.

“दुखतंय का दादा?” उज्वलाने विचारलं.

“छे ओ ताई,” तो हसला. “फडकं ढिलं झालं व्हतं.”

त्याच दुपारी ती तालमीत बसली असताना ज्योतिबा दारात आला. आत बसलेल्या म्हाताऱ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाला, “जरा अंग मोकळं करायला आलोय!” सुनयनाने त्याला पडद्याआड नेलं. बराच वेळ तपासलं. तो व्यायाम करून गेल्यावर सुनयना हात पुसत उज्वलाजवळ येऊन बसली.

“याची मणक्याची गादी सरकायला लागलीय. पण वेळेत आलाय. सहा महिने नीट व्यायाम केला तर ऑपरेशन टळेल. अजून वर्षभर लपवलं असतं तर मी काही करू शकले नसते.”

“लपवतात का पण?”

“दवाखान्यात जाणारा गडी टोळीत कच्चा ठरतो. जोडीला घ्यायला लोक कचरतात. तालमीत जाणारा कच्चा ठरत नाही.” सुनयनाने भिंतीवरच्या कप्प्यांकडे हात केला. “तुझ्या बाबांनी हे नाव पाडलं ना, तेव्हा मला हसू आलं होतं. आता कळतंय, त्या नावामुळेच पोरं दारातून आत येतात. उद्या इथे ‘असहाय श्रमिकांसाठी’ असा बोर्ड लागला, तर हा ज्योतिबा येईल का?”

उज्वलाच्या मनात तो बोर्ड स्पष्ट उभा राहिला. फाउंडेशनच्या नियमांत तसं होतंच: अनुदान मिळालं की प्रकल्पाच्या नावाचा फलक दाराशी लावायचा. आणि प्रकल्पाचं नाव तिने स्वतःच ठेवलं होतं, ‘असहाय’ या शब्दासकट.

पुढच्या रविवारी तिने पुन्हा सतरंजी अंथरायला लावली. लॅपटॉप उघडून ती मधोमध बसली आणि म्हणाली, “आता तुम्ही सांगा. मी लिहिते. प्रत्येक तुकडा मराठीत वाचून दाखवीन. पटलं नाही तर खोडीन.”

हे ऐकायला सोपं होतं. पण भैरू अण्णांना आपण गावच्या जत्रेत मारलेली कुस्ती प्रस्तावात घालायची होती. दुसऱ्या एकाला अख्ख्या टोळीची नावं पाहिजे होती. एकजण म्हणाला, दुखण्याचा उल्लेखच नको. तिथे मात्र उज्वला अडून बसली.

“ते राहणार. अण्णा, तुमचा गुडघा तुम्ही किती वर्षं लपवला?”

भैरू अण्णांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

“सांगा ना. सुनयना मॅडम म्हणतात, पाच वर्षं आधी आला असतात तर आज काठी लागली नसती. हे तुमच्या टोळीतल्या पोरांना कोण सांगणार? मी बिचारे म्हणून लिहिणार नाही. पण तुम्हाला काहीच होत नाही, असंही लिहिणार नाही.”

भैरू अण्णांनी गुडघ्यावरून हात फिरवला. “लिव,” ते म्हणाले. “लिव, की दुखनं उशिरा सांगायची आमची खोड हाय. ती मोडायची हाय म्हनून ही तालीम.”

ते वाक्य तिने जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं. सगळ्या प्रस्तावात तेच वाक्य सगळ्यांत चांगलं होतं. बाकी तिने साधं ठेवलं. शहराचं रोजचं जेवण ज्यांच्या पाठीवरून येतं, त्यांचं शरीर हेच त्यांचं कसब आहे. खेळाडूंच्या संघाबरोबर फिजिओथेरपिस्ट असतो, याचं कुणाला नवल वाटत नाही. या टोळ्यांनाही तो हवा. जागा आमची, दिवाबत्ती आमची, खोली झाडायची पाळी आमची. तुम्ही माणूस आणि मशीन द्या. प्रकल्पाचं नाव: तालीम. हा इंग्रजी शब्द नव्हता, म्हणून तिने पुढे अर्थ दिला आणि शब्द तसाच ठेवला.

भैरू अण्णांनी या वेळी सही केली. पुन्हा एकदा वाचायला लावून मगच.

तिसऱ्या दिवशी केतनचा फोन आला. “उज्वला मॅडम, तुम्ही सगळंच चेंज केलंत. आधीचा ड्राफ्ट स्ट्राँग होता. आमची थीम वंचित घटक आहे. यात नीड कुठे दिसतच नाही.”

“दिसते सर. ज्याला आज मदत मिळाली नाही, तो दहा वर्षांनी अंथरुणाला खिळेल, हे लिहिलंय.”

“हो, पण टोन... आधीचाच पाठवलात तर सोपं जाईल. खरंच तुमच्या भल्यासाठी सांगतोय.”

उज्वला ऑफिसच्या जिन्यात उभी होती. खाली कंटेनर घेऊन जाणाऱ्या ट्रेलरची रांग लागली होती. हो म्हणणं किती सोपं होतं. वस्तीत कुणाला कळलंही नसतं.

“सर, आधीच्या कागदावर आमचे अध्यक्ष सही करणार नाहीत. आणि मीही तो पाठवणार नाही.”

केतनने पुन्हा आग्रह केला नाही. “ठीक आहे. व्हिजिट तर होईलच. एक काम करा, फोटोंसाठी काका लोकांना कामाच्या कपड्यांत बसवा. रोजचं वाटलं पाहिजे.”

“सांगून बघते,” ती म्हणाली.

तिने खरोखरच सांगितलं. पण पाहुणे येणार म्हटल्यावर फाटकं घालून बसायचं, हे कुणाच्या डोक्यातच शिरेना. भेटीच्या दिवशी पाहुण्यांनी तालमीत पाऊल टाकलं, तर सगळे पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, इस्त्रीच्या टोप्या घालून, दाढ्या करून बसलेले. भैरू अण्णांनी तर नातवाच्या लग्नातला कोट घातला होता. दाराला तोरण होतं. केतनने ते दृश्य बघितलं आणि कॅमेऱ्याची बॅग हळूच पायाशी ठेवली.

ट्रस्टी म्हणून राजलक्ष्मी मॅडम आल्या होत्या. साठीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पलंग बघितले, कप्पीची दोरी स्वतः ओढून बघितली, सुनयनाला बारीकसारीक विचारलं. मग खुर्चीवर बसून पिशवीतून दोन कागदांचे गठ्ठे काढले.

“माझ्याकडे तुमचे दोन प्रस्ताव आहेत,” त्या म्हणाल्या. “एका महिन्याच्या अंतराने आलेले. एकातली माणसं हरलेली आहेत, दुसऱ्यातली नाहीत. खरं कोणतं?”

उज्वलाचे कान तापले. आधीचा प्रस्ताव त्यांनी स्वतः वाचला असेल, असं तिच्या मनातही आलं नव्हतं. “दुसरं,” ती म्हणाली. “पहिलं मी एकटीने लिहिलं होतं. कुणाला न विचारता.”

कोंडिबा उठून उभे राहिले. “बाई, पयलं तिनं आमाला पैसं मिळावं म्हनून लिवलं. दुसरं आमी समद्यांनी मिळून लिवलंय. दोनी बी आमच्यासाटीच लिवलंय तिनं. त्यात तिचा दोष न्हाई.”

“दोष काढत नाही मी,” राजलक्ष्मी मॅडम म्हणाल्या. “पहिला वाचून मला वाईट वाटलं. पण वाईट वाटण्यापलीकडे विचारण्यासारखं काही नव्हतं त्यात. दुसऱ्यात मला बरंच विचारायचंय.”

आणि त्या विचारू लागल्या. तरुण मुलं किती येतात? टोळीचे आजचे मुकादम पोरांना पाठवतात की अडवतात? ज्योतिबाला त्यांनी समोर बसवलं. तो आधी लाजला, मग म्हणाला, “म्याडम, मी हितं आधी नुसतं अंग मोकळं करायला आल्यावानी आलो. आता मीच दुसऱ्यास्नी आनतो.”

सगळं रंगात आलं होतं. तेवढ्यात त्यांनी शेवटचा प्रश्न टाकला. “बाजारात लसूण निवडणाऱ्या, कांदा साफ करणाऱ्या बायका असतात. दिवसभर उकिडव्या बसतात. त्या कुठे आहेत तुमच्या तालमीत?”

खोलीतल्या सगळ्या टोप्या एकमेकींकडे वळल्या.

“त्यांना कुनी आडवलं न्हाई,” भैरू अण्णा म्हणाले.

“बोलावलं बी न्हाई,” दारातून आवाज आला. चहाचा ट्रे घेऊन शकुबाई उभी होती. “ती मीना लसूण निवडून निवडून गुडगं धरून चालती. मी ह्यास्नी दोनदा म्हनलं. तर म्हनं, तालमीत बायका कशा?”

कोंडिबांनी मान खाली घातली. उज्वलाला क्षणभर वाटलं, गेलं सगळं. आणि दुसऱ्या क्षणी कळलं, की हे तिलाही सुचलं नव्हतं. एवढा बाजार डोळे भरून बघितला तिने, पण कडेला बसलेल्या बायका नजरेतून सुटल्याच.

भैरू अण्णा खुर्चीचा हात धरून उठले. वेळ लागला त्यांना. “बाई, चूक हाय आमची. सकाळची खोली मोकळीच असती. सकाळ बायकांची. ही शकुबाई बघंल. उजे, लिव ते त्या कागदात.”

“कागदात लिहिलं म्हणजे करावं लागतं, अण्णा,” उज्वला म्हणाली.

“मग? आमी काय न करायला लिवत व्हतो का?”

राजलक्ष्मी मॅडम पहिल्यांदाच मोकळेपणाने हसल्या. जाताना त्यांनी काही कबूल केलं नाही. फक्त केतनला म्हणाल्या, “फोटो काढा की. एवढे तयार होऊन बसलेत.” आणि केतनने काढला. भैरू अण्णा कोटात मधोमध, ज्योतिबा मागे उभा, शकुबाई ट्रेसकट.

महिन्याभराने मंजुरीचं पत्र आलं. मागितलं होतं तेवढं सगळं नव्हतं; एक मोठं मशीन कापलं होतं. पण रोज बसणारा फिजिओथेरपिस्ट दोन वर्षांसाठी मिळाला होता, आणि अट एकच होती: सकाळची वेळ बायकांची. बैठकीत उज्वलाने पत्र मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर भैरू अण्णा म्हणाले, “मंडळाला सचिव पायजे. आजवर समदे बाप्येच झाले. आता उज्वला.” कुणी हरकत घेतली नाही. एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.

लसणाच्या शेडमध्ये बोलवायला भैरू अण्णा स्वतः काठी टेकत गेले. मीना आधी संकोचली. तिला वाटलं, काही चुकलं की काय, मुकादम आपल्याकडे कशाला येईल? पण सोमवारी सकाळी ती आली, आणि तिच्याबरोबर आणखी काहीजणी. शकुबाईने त्यांना चपला कुठे काढायच्या ते दाखवलं, पडदा ओढला आणि आतून हसण्याचा आवाज यायला लागला.

उज्वला त्या दिवशी ऑफिसला जाण्याआधी मुद्दाम वस्तीत आली होती. तिची न्हावा शेव्याची बस गल्लीच्या तोंडाशीच थांबते. कोंडिबा तालमीबाहेर खुर्ची टाकून राखण करत बसले होते, सकाळी कुणी गडी चुकून आत शिरू नये म्हणून. समोरच्या दुकानात माल टाकायला आलेला एक टेम्पोवाला थांबून बघत होता.

“काका, काय चाललंय आत?”

“तालीम हाय.”

“बायकांची?”

“सकाळी बायकांची, दुपारी गड्यांची. रोज डॉक्टर बसतो हितं आता.”

“सरकारनं काढली का?”

“न्हाई, आमचीच,” कोंडिबा म्हणाले. मग त्यांनी खुर्चीत जरा ताठ होऊन बसस्टॉपकडे बोट केलं. “ती बघ, निळी ओढनी. ती माजी लेक. ह्याचं समदं लिवनं तिनं केलंय. इंग्रजीत. आन् एक अक्षर खोटं न्हाई त्यात.”

बस येऊन थांबली होती. उज्वलाने ऐकलं होतं. टेम्पोवाला वळून तिच्याकडे बघत होता, म्हणून तिने उगीचच पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं केलं, आणि मग ते सोडून देऊन, मान वर करून, वडिलांना हात केला.